पिस्तुलाची काडतुसं घरच्या घरी भरता येतात का? पुलगावच्या जिल्ह्यातून समजून घेऊ कायदा आणि धोका

टेबलावर स्क्रूने घट्ट बसवलेलं एक लोखंडी यंत्र. त्याला लांब दांडा. दांडा खाली ओढला की 'खट्' असा आवाज येतो आणि एका टोकाने टाकलेली रिकामी पितळी पुंगळी दुसऱ्या टोकाने चकचकीत, भरलेलं काडतूस होऊन बाहेर पडते. इन्स्टाग्राम आणि यूट्यूबवर असे व्हिडिओ लाखो लोक बघतात. बहुतेक अमेरिकेतल्या एखाद्या घराच्या गॅरेजमध्ये शूट केलेले असतात. खाली मराठीतही कमेंट दिसतात : "भाऊ, हे यंत्र आपल्याकडे मिळतं का?"

या प्रश्नामागे दरवेळी वाईट हेतू असतो असं नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीचं कांस्यपदक जिंकलं. खाशाबा जाधवांनंतर तब्बल ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळालं. त्यानंतर नेमबाजीकडे वळावंसं वाटणारी मुलं वाढली, तर त्यात नवल नाही. पण हा खेळ खर्चिक आहे आणि त्यातला मोठा खर्च गोळ्यांचा. एकदा झाडलेली गोळी परत येत नाही, पुंगळी मात्र हातात राहते. मग तीच पुन्हा भरली तर?

थोडक्यात उत्तर : परवान्याशिवाय हे केलं तर भारतात किमान ७ वर्षांची शिक्षा होऊ शकते आणि ती जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. हे उत्तर इतकं कडक का, ते समजून घ्यायला वर्धा जिल्हा चांगली जागा आहे. देशातला सर्वांत मोठा दारूगोळ्याचा साठा याच जिल्ह्यात, पुलगावला आहे. साठवलेला आणि जुना झालेला दारूगोळा काय करू शकतो, हे इथल्या गावांनी दोनदा अनुभवलं आहे.

काडतूस म्हणजे नेमकं काय?

बोलताना आपण सगळ्यालाच 'गोळी' म्हणतो. पण पिस्तुलात भरतो ते काडतूस चार भागांचं असतं. पितळेची नळी म्हणजे पुंगळी. तिच्या बुडाशी बसवलेली छोटी टोपी, जिला प्रायमर म्हणतात. आत दारू. आणि तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी, म्हणजे नळीतून प्रत्यक्ष बाहेर जाणारा धातूचा तुकडा.

घोडा दाबला की पिस्तुलातली सुई टोपीवर आदळते. टोपीतलं संवेदनशील रसायन पेटतं, त्याच्या ठिणगीने दारू पेटते, दारूचा क्षणात वायू होतो आणि तो गोळीला पुढे ढकलतो. हा दाब किती असतो? ९ एमएमच्या काडतुसासाठी युरोपीय मानकानुसार कमाल मर्यादा २,३५० बार आहे. कारच्या टायरमध्ये साधारण सव्वादोन-अडीच बार हवा असते. म्हणजे टायरच्या जवळपास हजारपट दाब, हातात धरलेल्या वस्तूत, चेहऱ्यापासून हातभर अंतरावर.

गोळी झाडल्यावर चारपैकी तीन भाग संपतात. उरते पुंगळी. तिच्या पितळात साधारण ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त असतं. हा धातू फुगून पुन्हा आकारात येऊ शकतो. रिकामी पुंगळी साफ करायची, जुनी टोपी काढून नवी बसवायची, मोजून दारू घालायची, वर गोळी बसवायची, याला रीलोडिंग म्हणतात. अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी हे करायला केंद्रीय परवाना लागत नाही, विकायची असतील तर लागतो. जर्मनीत छंद म्हणूनही हे करता येतं, पण दारू हाताळायला स्फोटक पदार्थांच्या कायद्याखाली वेगळी परवानगी काढावी लागते. ती प्रशिक्षणाशिवाय मिळत नाही.

व्हिडिओत न दिसणारी चूक

पिस्तुलाच्या एका काडतुसात दारू फार थोडी लागते. बहुतेक वेळा अर्ध्या ग्रॅमपेक्षाही कमी. त्यामुळे पुंगळी अर्धीमुर्धी रिकामीच राहते. इथेच घोळ होतो. भरणाऱ्याचं लक्ष विचलित झालं आणि एकाच पुंगळीत दोनदा दारू पडली, तरी ती बाहेर सांडत नाही. वर गोळी बसली की बाहेरून काहीच कळत नाही. असं काडतूस झाडलं तर पिस्तूल हातातच फुटू शकतं.

उलटी चूकही तेवढीच वाईट. दारू घालायची राहून गेली तर एकट्या टोपीच्या जोरावर गोळी नळीत थोडी सरकते आणि अडकते. आवाज बारीक येतो. नेमबाजाला वाटतं, बार फुसका गेला. तो पुढचं काडतूस झाडतो, आणि पुढची गोळी अडकलेल्या गोळीवर जाऊन आदळते.

कारखान्यात हे टाळण्यासाठी वजनाची, आकाराची, दाबाची तपासणी असते आणि प्रत्येक लॉटमधले नमुने झाडून बघितले जातात. भारतात हे काम १५० हून जास्त वर्षं चालू आहे. पुण्याजवळच्या खडकीची अॅम्युनिशन फॅक्टरी १८६९ सालची. भारतात परवानाधारकांना मिळणाऱ्या काडतुसांच्या बुडावर 'केएफ' असा शिक्का दिसतो, तो याच खडकी फॅक्टरीचा. जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावलाही लहान शस्त्रांची काडतुसं बनतात. २०२१ मध्ये ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड मोडून सात सरकारी कंपन्या झाल्या. दारूगोळ्याचे कारखाने त्यातल्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे गेले. तिचं मुख्यालय पुण्यातच आहे.

एवढी यंत्रणा असूनही अपघात होतात. २४ जानेवारी २०२५ ला भंडाऱ्याच्या जवाहरनगर इथल्या ऑर्डनन्स फॅक्टरीत झालेल्या स्फोटात किमान ८ कामगारांचा जीव गेला. 

कायदा काय म्हणतो? इथे एक मेख आहे

शस्त्र कायदा १९५९ सालचा आहे. त्यातली 'दारूगोळ्या'ची व्याख्या वाचली तर अनेकांना धक्का बसेल. भरलेलं काडतूस त्यात येतंच. पण दारूगोळ्याचे सुटे भाग आणि तो बनवण्याची यंत्रसामग्री, हेही कायद्याच्या व्याख्येत दारूगोळाच आहे.

म्हणजे व्हिडिओतलं ते दांड्याचं यंत्र आपल्याला हातोडी-पान्यासारखं अवजार वाटेल, पण कायद्याच्या भाषेत ते दारूगोळ्यातच मोजलं जाऊ शकतं. परदेशी वेबसाइटवरून ते मागवणं हा कुरिअरपुरता प्रश्न राहत नाही. दारूगोळा आयात करायला कलम १० खाली वेगळा परवाना लागतो. 'पार्सल कस्टम्समध्ये अडकलं' एवढ्यावर हे थांबेलच असं नाही.

आता मुख्य भाग. शस्त्र बाळगण्याचा परवाना कलम ३ खाली मिळतो. वर्ध्यात तो जिल्हाधिकारी कार्यालयातून घ्यावा लागतो. एका वेळी आणि वर्षभरात किती काडतुसं घेता येतील, हे त्यावर लिहिलेलं असतं. बनवणं, विकणं, दुरुस्त करणं हे मात्र कलम ५ मध्ये येतं आणि त्याचा परवाना वेगळा असतो. घरात परवान्याचं पिस्तूल असलं तरी त्या परवान्यात काडतूस बनवण्याची मुभा येत नाही. गाडी चालवायच्या लायसन्सवर गाडीचा कारखाना काढता येत नाही, तसंच.

कलम ५ मोडलं तर शिक्षा कलम २५ मध्ये आहे. आधी ती किमान ३ आणि कमाल ७ वर्षं होती. २०१९ च्या दुरुस्तीने ती किमान ७ वर्षं ते जन्मठेप अशी झाली. जामीन हक्काने मिळत नाही. नुसतं विनापरवाना बाळगल्याची शिक्षाही वाढली. १ ते ३ वर्षांऐवजी आता २ ते ५ वर्षं.

संसदेत ही दुरुस्ती आली तेव्हा चर्चेत होत्या त्या गावठी कट्टे बनवणाऱ्या टोळ्या आणि लग्नात होणारा गोळीबार. सरावासाठी शंभर गोळ्या भरू पाहणारा नेमबाज कुणाच्या डोळ्यासमोर असेल असं वाटत नाही. पण 'बनवणं' या शब्दात तोही येतो. हेतू खेळाचा होता, हे शिक्षा कमी करण्यासाठी न्यायालयात सांगता येईल. पण किमान शिक्षा कायद्यातच लिहिलेली असली की न्यायाधीशांच्या हातात फारसं उरत नाही.

शिवाय ज्या ९ एमएमची काडतुसं भरताना परदेशी व्हिडिओत सर्रास दाखवतात, ते कॅलिबरच भारतात सामान्य नागरिकासाठी प्रतिबंधित आहे, कारण ते सैन्य आणि पोलिसांचं आहे. पॉइंट ३०३ चंही तसंच. परवानाधारकांच्या हातात जी पिस्तुलं-रिव्हॉल्व्हर दिसतात, ती मुख्यतः पॉइंट ३२ ची असतात.

मग किचेनला लावलेली पुंगळी?

वर्ध्यात, विशेषतः पुलगाव-देवळी भागात, हा प्रश्न काल्पनिक नाही. कुणाचे वडील सैन्यात होते, कुणाचे काका डेपोत. घरात एखादी जुनी पितळी पुंगळी पेनस्टँड म्हणून उभी असते. व्याख्येत सुटे भागही येतात, मग हाही गुन्हा झाला का?

यासाठी कायद्यात कलम ४५ आहे. दारूगोळ्याचे किरकोळ भाग कुणाकडे असतील आणि ते इतर पूरक भागांसोबत वापरण्याचा हेतू नसेल, तर कायदा लागू होत नाही. पूरक भाग त्याच माणसाकडे असोत की दुसऱ्या कुणाकडे, कायदा दोन्ही बघतो.

सगळा विषय या एका वाक्यावर फिरतो. कपाटात एकटी पडलेली पुंगळी शोभेची वस्तू आहे. तिच्या शेजारी टोप्यांची डबी, दारूची बाटली आणि दांड्याचं यंत्र सापडलं, तर तीच पुंगळी पुरावा ठरते. पितळ तेच, पण घरात सोबत आणखी काय सापडलं यावर तिचा अर्थ ठरतो.

जिवंत काडतुसाचं मात्र वेगळं. विमानतळावर बॅगेच्या कोपऱ्यात एखादं काडतूस सापडून प्रवासी अडकल्याच्या बातम्या दर थोड्या दिवसांनी येतात. वडिलांची बॅग, जुनं जॅकेट, भावाची सॅक अशी कारणं असतात. अशा वेळी न्यायालयं बघतात की त्या माणसाला ते आपल्याकडे असल्याची जाणीव होती का. सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये गुणवंतलाल प्रकरणात आणि १९९४ मध्ये संजय दत्त प्रकरणात 'जाणीवपूर्वक ताबा' हे तत्त्व मांडलं. त्याच आधारावर दिल्ली उच्च न्यायालयाने एकेका काडतुसाचे अनेक गुन्हे रद्द केले आहेत. पण टेबलाला यंत्र ठोकून बसलेल्या माणसाला 'मला माहीतच नव्हतं' असं सांगता येणार नाही.

पुलगावने काय पाहिलं?

देशाच्या नकाशावर वर्धा म्हणजे सेवाग्राम. १९३६ मध्ये गांधीजी तिथे राहायला गेले. त्याच जिल्ह्यात, काही तासांच्या नव्हे तर काही मिनिटांच्या रेल्वे प्रवासावर पुलगाव आहे आणि तिथे सुमारे ७ हजार एकरांवर पसरलेला सैन्याचा केंद्रीय दारूगोळा डेपो. कारखान्यातून निघालेला दारूगोळा इथे येतो, साठवला जातो आणि इथून देशभरातल्या तुकड्यांकडे जातो.

३० मे २०१६ ची रात्र उलटून ३१ मे सुरू झाला तेव्हा या डेपोतल्या एका शेडला आग लागली. आत रणगाडाविरोधी सुरुंग होते. आग विझवायला गेलेले जवान आणि अग्निशमन कर्मचारी स्फोटात सापडले. दोन अधिकाऱ्यांसह १९ जणांचा जीव गेला. आगरगावसह आसपासच्या गावांतले लोक रातोरात मुलाबाळांना घेऊन घराबाहेर पडले. तत्कालीन संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर त्याच दिवशी पुलगावला आले. या सुरुंगांमधून टीएनटी हे स्फोटक पाझरत होतं, हे पुढे समोर आलं.

पिस्तुलाच्या काडतुसात टीएनटी नसतं आणि दोघांची ताकद एका मापाने मोजताही येणार नाही. पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे. स्फोटक रसायन बंद डब्यात ठेवलं म्हणून झोपून राहत नाही. उष्णता, दमटपणा आणि वय यांनी ते बदलतं. काडतुसात वापरली जाणारी धूरविरहित दारूही कालांतराने विघटित होते, म्हणून कारखान्यात तिच्यात स्थिरता टिकवणारी रसायनं घालतात आणि साठ्याची वेळोवेळी चाचणी होते. उन्हाळ्यात वर्ध्याचं तापमान ४५ अंशांच्या आसपास जातं. पत्र्याच्या खोलीत, माळ्यावर, दारूचा डबा ठेवणाऱ्याकडे कुठली चाचणी असणार?

दुसरी घटना २० नोव्हेंबर २०१८ ची. मुदत संपलेला दारूगोळा कधीतरी नष्ट करावाच लागतो. डेपोचं त्यासाठीचं मैदान सोनेगाव (आबाजी) गावाजवळ आहे. त्या दिवशी सकाळी जबलपूरच्या खमरिया ऑर्डनन्स फॅक्टरीतून आलेला जुना माल उतरवला जात होता. स्फोट झाला आणि ६ जण मेले. त्यात फॅक्टरीचा एक कर्मचारी होता, बाकीचे ठेकेदाराने कामाला लावलेले जवळच्या गावांतले मजूर. खड्डे खणायचे, वाळूची पोती रचायची, पेट्या उतरवायच्या, असं त्यांचं काम.

या घटनेनंतर एक जुनी गोष्ट चर्चेत आली. दारूगोळा नष्ट केल्यावर जमिनीत पितळ, तांबं, लोखंड उरतं. ते वेचून भंगारात विकण्यासाठी आसपासचे लोक त्या मैदानाकडे जात. शेती कोरडवाहू, हाताला दुसरं काम नाही, अशा वेळी किलोवर विकल्या जाणाऱ्या पितळेचं आकर्षण समजण्यासारखं आहे. पण सुरक्षेची जबाबदारी ज्यांची होती, त्यांनी या गरिबीकडे कानाडोळा केला, असंच म्हणावं लागतं.

रीलोडिंगच्या व्हिडिओत पितळ म्हणजे पैसे वाचवायची युक्ती. सोनेगावात पितळ म्हणजे संध्याकाळची चूल. दोन्ही ठिकाणी माणूस 'रिकामं आहे, त्यात काय' असं समजून हात घालतो. सैन्यात आणि पोलिसांत गोळीबाराच्या सरावानंतर पुंगळ्या वेचून, मोजून परत जमा कराव्या लागतात. ज्याने एनसीसीत फायरिंग केलं आहे, त्याला गवतात हरवलेली एक पुंगळी शोधत घालवलेली दुपार आठवत असेल. रिकामी पुंगळी चुकीच्या हातात गेली तर पुन्हा भरली जाऊ शकते, हेही या मोजदादीमागचं एक कारण आहे.

खरी गंमत : नेमबाजांना याचा उपयोगच नाही

आता त्या कमेंट करणाऱ्या मुलाकडे परत येऊ. समजा, कायदा उद्या बदलला. तरी त्याचा खर्च वाचेल का? बहुतेक वेळा नाही.

ऑलिंपिकमध्ये पिस्तुलाचे प्रकार आहेत १० मीटर एअर पिस्तूल, महिलांची २५ मीटर पिस्तूल आणि पुरुषांची २५ मीटर रॅपिड फायर. एअर पिस्तुलात दारू नसतेच. दाबलेल्या हवेने ४.५ मिलिमीटरचा शिशाचा छर्रा सुटतो. २५ मीटरच्या दोन्ही प्रकारांत पॉइंट २२ ची काडतुसं लागतात. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलमध्ये सुवर्ण जिंकलं आणि या स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला ठरली, ती पॉइंट २२ वरच. स्वप्नीलची ५० मीटर रायफलही पॉइंट २२.

आणि पॉइंट २२ पुन्हा भरता येईल अशी बनवलेलीच नसते. तिला बुडाशी वेगळी टोपी नसते. पेटणारं रसायन पुंगळीच्या बुडाच्या पोकळ कडेत भरलेलं असतं. सुई त्या कडेवर आदळते आणि कड कायमची चेपते. म्हणजे एकदा झाडली की पुंगळी भंगार.

रीलोडिंगचा उपयोग होतो तो मध्यभागी टोपी असलेल्या काडतुसांना. २५ मीटर सेंटर फायर पिस्तूल नावाचा प्रकार आहे. त्यात २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत जसपाल राणाने ५९० गुणांसह विश्वविक्रमाची बरोबरी करत सुवर्ण जिंकलं होतं. हा प्रकार ऑलिंपिकमध्ये नाही. नवशिक्याच्या वाट्याला तर तो कितीतरी वर्षांनी येतो.

म्हणजे ज्या सोयीसाठी एखादा मुलगा ७ वर्षांच्या तुरुंगवासाचा धोका पत्करेल, ती सोय त्याच्या खेळाला लागूच पडत नाही.

मग कायदेशीर मार्ग कोणता?

शस्त्र कायद्यालाच निशाणेबाजीचा सराव मान्य आहे, हे फार कमी जणांना माहीत असतं. कलम १३ नुसार सरकारमान्य रायफल क्लबच्या सदस्याने सरावासाठी पॉइंट २२ रायफलचा परवाना मागितला, तर तो देण्याबाबत कायद्याची भाषा अनुकूल आहे. पिस्तुलासाठी मात्र 'सबळ कारण' पटवून द्यावं लागतं. काडतूस बनवण्याच्या परवान्यालाही हीच अट आहे. कागदावर दार उघडं आहे, पण 'माझ्या सरावाचा खर्च वाचेल' हे कारण त्या दारातून आत जाईल अशी आशा कुणी ठेवू नये.

याच कलमात आणखी एक नोंद आहे. पीक राखण्यासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना. कोकणात, विशेषतः सिंधुदुर्गात, असे शेती संरक्षण परवाने बरेच आहेत. रोही आणि रानडुकरांनी हैराण झालेल्या विदर्भातल्या शेतकऱ्यांनाही हा विषय नवा नाही. ठासणीच्या बंदुकीत दारू आणि छर्रे नळीच्या तोंडातून ठासून भरतात, तेही वापरणाऱ्यानेच. भारतात स्वतःच्या हाताने 'भरण्या'ची जी काही कायदेशीर परंपरा आहे, ती हीच. पण ती परवान्यावर लिहिलेल्या त्या एका बंदुकीपुरती आहे. तिचा आधार घेऊन पिस्तुलाचं काडतूस भरता येत नाही.

सरावासाठी सगळ्यात सोपा रस्ता एअर पिस्तुलाचा. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जा असलेल्या एअरगनला शस्त्र परवाना लागत नाही. १० मीटरची सुरक्षित जागा, मागे भक्कम भिंत आणि छर्रे अडवणारी पेटी असली की सराव होतो. अभिनव बिंद्राने २००८ च्या सुवर्णपदकाची तयारी घरी बांधलेल्या एअर रायफल रेंजवरही केली होती. त्याशिवाय रिकाम्या पिस्तुलाने, छर्रा न भरता, नुसता घोडा दाबण्याचा सराव असतो. मोठे नेमबाजही तो रोज करतात. त्याला गोळी लागत नाही, म्हणून खर्चही नाही.

अडचण पुढे येते. पॉइंट २२ वर जायचं तर २५ मीटरची रेंज हवी, आणि राज्यातली नावाजलेली ठिकाणं म्हणजे पुण्याचं बालेवाडी किंवा मुंबईतलं वरळी. वर्धा किंवा हिंगणघाटच्या मुलीसाठी ती शेकडो किलोमीटर दूर आहेत. स्पर्धेच्या दर्जाची पॉइंट २२ काडतुसं मुख्यतः इंग्लंड आणि जर्मनीतून येतात. खेळाडूची पात्रता पाहून त्यांचा कोटा ठरतो आणि नवशिक्याच्या वाट्याला अर्थातच कमी येतं. गोळ्या घरी भरू द्या, अशी मागणी करण्यापेक्षा विदर्भात सरकारी रेंज आणि सवलतीच्या दरात काडतुसं द्या, ही मागणी जास्त शहाणपणाची आहे. खडकी आणि वरणगावचे कारखाने राज्यातच असताना स्पर्धेच्या दर्जाची काडतुसं आपण बाहेरून का आणतो, हाही विचारण्याजोगा प्रश्न आहे.

घरात जुनी काडतुसं सापडली तर?

परवानाधारक आजोबा वारले, कपाटात काडतुसांचा डबा निघाला, अशी वेळ अनेक घरांवर येते. परवाना माणसाच्या नावावर असतो, घराच्या नाही. परवाना संपला किंवा परवानाधारकाचा मृत्यू झाला, तर कलम २१ नुसार शस्त्र आणि काडतुसं विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची असतात. जमा केल्याची पावती घ्यावी. वारसाला ठेवायची असतील तर त्याने स्वतःच्या नावाने परवान्यासाठी अर्ज करायचा.

काडतुसं जुनी, हिरवट झालेली किंवा तेलकट दिसत असतील, तर ती उघडून बघायची नाहीत, ठोकायची नाहीत, भंगारात द्यायची नाहीत आणि चुलीत तर नाहीच नाही. आणि शेतात नांगरताना किंवा डेपोच्या बाजूच्या रानात एखादा गंजलेला धातूचा गोळा किंवा नळी दिसली, तर ती आहे तिथेच राहू द्यायची, लोकांना लांब ठेवायचं आणि ११२ वर फोन करायचा.